चौऱ्यांशी किलोंचा नवस

माझं वजन चौऱ्यांशी किलो आहे ही गोष्ट माझ्याआधी देवीला कळली. मग सासऱ्यांना, मग गावातल्या मंदिर समितीच्या वहीला, आणि सगळ्यांत शेवटी मला. मी त्या वेळी दवाखान्यात आडवी होते आणि माझ्या तोंडून जे काही निघत होतं त्यात आकडा एकही नव्हता.

झालं असं, की दिवाळीनंतरच्या त्या आठवड्यात माझी सुटका काही केल्या होईना. सोळा तास झाले. आत-बाहेर करणाऱ्या नर्सचा चेहरा बघून माझ्या सासूबाई, म्हणजे आवडाबाई, बाहेरच्या बाकड्यावर बसल्या बसल्या गावच्या टेकडीवरच्या देवीशी बोलायला लागल्या. माय-लेकरू सुखरूप सुटू दे, दोघांची गुळानं तुला करीन, असं त्या म्हणाल्या. इथवर ठीक होतं. पण सासूबाई व्यवहाराच्या पक्क्या आणि देवीशी मोघम बोलणं त्यांना पटत नाही. त्यांनी नर्सला अडवून विचारलं, आमच्या सूनबाईचं वजन किती? नर्सनं केसपेपर पाहून सांगितलं, चौऱ्यांशी. सासूबाईंनी तोच आकडा देवीला सांगून टाकला. त्यानंतर वीस मिनिटांत मुलगी झाली, त्यामुळे देवीची बाजू एकदम चोख होती.

त्या चौऱ्यांशीत बाळ होतं, पाणी होतं, पायांवर चढलेली सूज होती. त्यातलं निम्मं तासाभरात उतरणार होतं. पण हे देवीला समजावणार कोण? माझे सासरे नानासाहेब यांनी संध्याकाळीच गावी फोन लावला आणि समितीचे कारभारी पुंजाराम यांच्याकडे नोंद करून टाकली.

आमची वाडी देवगाव रंगारीच्या अलीकडे, फाट्यावरून दोन किलोमीटर आत. चैत्री पौर्णिमेला टेकडीवर जत्रा भरते आणि त्या दिवशी नवसाच्या तुला होतात. चिंचेच्या फांदीला अडतीतला जुना मोठा तराजू टांगतात, एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात गूळ. मग पुंजाराम कर्ण्यावरून नाव, गाव आणि वजन तीनदा पुकारतात. तीनदा, कारण पहिल्या वेळेला लोकांचं लक्ष पाळण्याकडं आणि भज्यांकडं असतं. गेल्या वर्षी फकिरामामांची सून ब्याण्णव भरली. तिचं नाव काय हे आता गावाला आठवत नाही, सगळे तिला ब्याण्णववाली म्हणतात. आणि माझ्या थोरल्या जाऊबाई वच्छला यांची तुला दोन वर्षांपूर्वी झाली, लेकरासकट एकसष्ट किलो. हा आकडा त्यांनी मी न विचारता मला आजवर सातदा सांगितला आहे.

एरवी मी वजनाचं मनाला लावून घेणारी बाई नाही. मी सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळते. तिथं खुर्ची मजबूत असली की भागतं. पण माझा आकडा कर्ण्यावरून, तीनदा, आणि वच्छलाबाईंच्या समोर? बाळ सात दिवसांचं असतानाच मी ठरवलं, की जत्रेपर्यंत आपण असं उतरायचं की पुंजारामांना दोनदा काटा बघावा लागेल.

पहिला सव्वा महिना काही करता आलं नाही, कारण माझी आई नाही आणि बाळंतपण सासूबाईंनीच केलं. त्या सकाळी एक आणि संध्याकाळी एक डिंकाचा लाडू समोर ठेवायच्या, शेजारी तुपाची वाटी, आणि मी शेवटचा घास गिळेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. दवाखान्यातून निघताना मी शहात्तर होते. सव्वा महिन्यानं तपासणीला गेले तेव्हा सत्त्याहत्तर भरले. सासूबाईंनी काट्यात डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "अजून सात कमी हाय." मला वाटलं, त्या मला उतरायला सांगताहेत. त्या चढायला सांगत होत्या.

डॉक्टर मॅडमना मी एकटीनं गाठून सांगितलं, की मला जत्रेपर्यंत चौदा किलो कमी व्हायचंय. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. अंगावर पाजता ना, म्हणाल्या, मग घाई नाही. आठवड्याला फार तर अर्धा किलो. उपाशी राहायचं नाही, उलट एरवीपेक्षा दीड भाकरी जास्त लागते, ती भाकरी बाळाची. डाळ, उसळ, पालेभाज्या, दूध, भरपूर पाणी, रोज अर्धा तास चालणं. चूर्ण, काढे, गोळ्या काही घ्यायचं नाही. आणि स्वतःच्या वजनापेक्षा बाळाच्या वजनाकडं लक्ष ठेवायचं. हे सगळं त्यांनी लसीकरणाच्या कार्डामागं लिहूनही दिलं. मी त्यातलं फक्त अर्धा किलो ऐकलं आणि रिक्षात बसल्या बसल्या हिशोब केला. पंधरा आठवडे, साडेसात किलो. पण कर्ण्यावर दोघींचं मिळून पुकारणार, आणि बाळ तोवर सात किलोचं होणार. म्हणजे मी खाली उतरणार आणि कार्टी वर चढणार, आणि आकडा तिथंच. स्वतःच्या पोटच्या पोरीनं असं आडवं यावं याचं मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं.

संक्रांतीच्या आधी सासूबाई तुरीच्या सोंगणीसाठी गावी गेल्या आणि मला रान मोकळं मिळालं असं वाटलं. पाचव्या दिवशी दारात चांदपाशाभाई उभे. चांदपाशाभाई हे आमच्या समोरच्या दारात राहतात आणि एसटीत कंडक्टर आहेत. त्यांची गाडी कन्नडहून येताना देवगावला थांबते. सासूबाईंनी फाट्यावर उभं राहून त्यांच्या हातात स्टीलचा एक मोठा डबा दिला होता. त्यात पन्नास डिंकाचे लाडू. निरोप असा, की रोज दोन, आणि संपले की फोन कर.

आता हे लाडू टाकायचे कुठं? अन्न फेकायला माझा हात उठत नाही. नवऱ्याला द्यावेत, तर आमचे हे, रामकिसनराव, लाडू खातील, पण रविवारी आईचा फोन आला की पहिल्या वाक्यात सांगून मोकळे होतील. कचेरीत पाठवावेत, तर मी रजेवर. मी दार उघडून समोरच्या ताहेराभाभींना हाक मारली आणि डबा त्यांच्या हातात देऊन म्हटलं, भाभी, हे तुमच्याकडं ठेवा, आणि कोणाला बोलू नका. भाभी म्हणाल्या, "अच्छा." काही विचारलं नाही. शेजार असावा तर असा, असं मला वाटलं.

पंचवीस दिवसांनी सासूबाईंचा फोन. संपले का? मी म्हटलं, संपले. त्यांचा आवाज एवढा खूश झाला की मला स्वतःची जरा शरम वाटली. दुसरा डबा आला. चांदपाशाभाईंनी तो देवगावहून आणून माझ्या हातात दिला आणि ते आंघोळीला गेल्यावर मी तो त्यांच्याच घरात नेऊन त्यांच्या बायकोच्या हातात दिला. पुढं तिसराही तसाच फिरला. या व्यवहाराबद्दल चांदपाशाभाईंना काय वाटत असेल हा विचार माझ्या मनात तेव्हा आला नाही. माणूस एकदा लपवाछपवीला लागला की त्याला समोरच्याचं डोकं दिसेनासं होतं.

लाडू गेले तरी वजन काही जाईना. मग मी बाथरूममध्ये ठेवायचा काटा आणला. हा काटा मोरीजवळ एक वजन दाखवायचा, स्वयंपाकघरात दुसरं आणि गॅलरीत तिसरं. गॅलरीत मी सर्वांत हलकी भरायचे, त्यामुळे मी दिवसातून सहा वेळा गॅलरीत जायला लागले. समोरच्या इमारतीतल्या लोकांना वाटलं, बाईला काहीतरी झालंय. चालायला म्हणून मी ताहेराभाभींबरोबर हिमायत बागेत जायचे, पण बाळाला दर दीड तासानं दूध लागायचं. बागेच्या फाटकापर्यंत पोहोचलो की मला वाटायचं, उठली असेल. आंब्यांच्या झाडांपर्यंत गेलो की खात्रीच व्हायची. तिथून मी जी उलटी पळत सुटायचे ते घरीच थांबायचे. घरी येऊन बघावं तर बाळ गाढ झोपलेलं आणि रामकिसनराव पेपर वाचताहेत. बसू म्हटलं तर बसवत नव्हतं, झोपू म्हटलं तर आकडे दिसायचे. पाळणा हलवताना मी मनात पौर्णिमेपर्यंतचे दिवस मोजायचे, आणि झोके चुकले की बाळ रडायचं.

त्यात शेजारणींना सुगावा लागला. एकीनं सांगितलं, पोटाला जुनं नऊवारी घट्ट गुंडाळ. ते गुंडाळून मी खाली वाकले आणि परत सरळ होण्यासाठी मला कपाटाचा आधार घ्यावा लागला. दुसरीनं सांगितलं, जेवताना ताट निळं घे, भूक मरते. निळं ताट घेतलं. भूक मेली नाही, फक्त वरण हिरवं दिसायला लागलं.

मधल्या काळात मी सरकारी मार्गही करून पाहिला. माणूस कचेरीतला असला की त्याला वाटतं, अर्ज केला की जग बदलतं. मी रामकिसनरावांकडून पुंजारामांना फोन लावून घेतला आणि स्वतः बोलले, की वहीतली चौऱ्यांशीची नोंद चुकीची आहे, ती बाळंतपणाआधीच्या वजनाची आहे, दुरुस्त करा. पुंजाराम जन्मभर शाळेत कारकून होते. त्यांनी शांतपणे सांगितलं, की वहीत खाडाखोड चालत नाही. दुरुस्तीसाठी अर्ज लागेल, दवाखान्याचा दाखला लागेल, पंचांची बैठक लागेल आणि नवस बोलणाऱ्याची संमती लागेल. नवस बोलणारी माझी सासू. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच सांगितलं असतं, म्हणून मला जास्तच राग आला.

आणि मग त्यांनी सहज म्हणून एक गोष्ट सांगितली, जी मला कोणी सांगितली नव्हती. गूळ चौऱ्यांशी किलोच मांडणार. पारडं कमी भरलं तर तूट भरावी लागते, आणि तीही कशानंही नाही. दगड नाही, भांडी नाही, लोखंड नाही. बाळंतिणीच्या अंगावरचं किंवा तिच्या पोटात जायचं असेल तेच चालतं. आणि तूट राहिलीच तर नवस अर्धा राहतो.

मी विचारलं, अर्धा राहिला तर काय होतं? पुंजाराम म्हणाले, "तसं काय नाय होत. पण आवडाबाईला लई लागंल. तिचं पहिलं लेकरू नवस फेडायच्या आधीच गेलं होतं."

हे मला माहीत नव्हतं. फोन ठेवून रामकिसनरावांना विचारलं तर त्यांनाही नीट माहीत नव्हतं, एवढंच ऐकलं होतं की त्यांच्याआधी एक मुलगी होती. मी पाळण्यातल्या बाळाला उचलून मांडीवर घेतलं. मग सासूबाईंनी चौऱ्यांशीचा धोशा का लावला होता ते कळलं. कळलं, तरी कर्ण्याची भीती काही गेली नाही. माणसाचं असंच असतं, दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी राहतात.

खरी चूक मी त्यानंतर केली. तळमजल्यावरच्या लक्ष्मीबाई आजवर गप्प होत्या. शिवण-क्लास चालवून त्यांनी शंभर बायकांची मापं घेतलेली, त्यामुळे त्यांचा शब्द मानला जातो. त्यांनी टेप लावून माझी कंबर मोजली, मान हलवली आणि एक पुडी दिली. तीन दिवस फक्त भाज्यांचं पाणी प्यायचं आणि सकाळ-संध्याकाळ हे चूर्ण. बाजारातल्या वैदूकडचं आहे, म्हणाल्या, झाडपाल्याचं, त्याला काय होतंय. कार्डामागं चूर्ण नाही असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ते कार्ड उलटं ठेवलं.

तीन दिवसांत दोन किलो गेले. गॅलरीत तर अडीच. मी आनंदानं रामकिसनरावांना हाक मारली आणि त्याच वेळी बाळ रडायला लागलं. त्या दिवशी दुपारपासून ती छातीशी आली की दोन घोट घ्यायची, तोंड बाजूला करायची आणि रडायची. परत लावलं की परत तेच. स्वतःची मूठ चोखायची. लंगोट पाण्यासारखे व्हायला लागले. दूध येत नव्हतं हे मला कळत होतं आणि मी तरीही स्वतःला सांगत होते की उकाडा आहे. माघातला उकाडा. रामकिसनराव स्कूटरची किल्ली घेऊन दारात उभे राहिले.

डॉक्टर मॅडमनी बाळाला काट्यावर ठेवलं. पंधरा दिवसांपूर्वीचा आकडा आणि आजचा आकडा एकच. तिचा चेहरा लहान दिसत होता. मॅडमनी पुडीचा वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि सांगितलं, यात जुलाबाचं औषध आहे, ते दुधातून तिच्या पोटात गेलं. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या ताटातलं कमी केलंत असं तुम्हाला वाटतं. तुम्ही तिच्या ताटातलं कमी केलंत."

मी तिथंच रडले. मला माझी लाज वाटली, साधी, सरळ लाज. सोळा तास जिच्यासाठी आडवी पडले होते तिला मी एका कर्ण्यासाठी तीन दिवस अर्धपोटी ठेवलं होतं. मॅडमनी पाणी दिलं, बाळाला काही धोका नाही म्हणून सांगितलं, चूर्ण बंद, जेवण सुरू, दर दोन तासांनी छातीशी लावत राहा, दूध परत येईल, चार दिवसांनी वजनाला आणा. घरी येऊन मी ज्वारीच्या दोन भाकऱ्या, मटकीची उसळ, शेपूची भाजी आणि वाटीभर दही असं जेवले. ताहेराभाभींनी खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा पाठवला होता तोही खाल्ला. तिसऱ्या दिवशी लेक छातीशी येऊन गटागट प्यायली आणि पिता पिता झोपली. तिच्या ओठांच्या कडेला दुधाचा थेंब तसाच राहिला होता. चौथ्या दिवशी काट्यावर ती नव्वद ग्रॅम वर होती. नव्वद ग्रॅमसाठी कोणी काट्यापुढं हात जोडलेले मी तोवर पाहिले नव्हते, त्या दिवशी मीच जोडले.

त्यानंतर मी कार्ड सरळ ठेवलं आणि त्यामागं लिहिलेलं सगळं वाचलं. बाथरूमचा काटा माळ्यावर गेला. वजन फक्त दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात, बाळाचं आधी आणि माझं नंतर. रोज तीन वेळा नीट जेवण, मध्ये फुटाणे, पेरू, ताक. हिमायत बागेत बाळाला पाजून जायचं आणि फाटकापासून झाडांपर्यंत जाऊन चालतच परत यायचं. पंधरवड्याला कधी अर्धा किलो जायचा, कधी एक, कधी काहीच नाही. मला मात्र सारखी नवी धास्ती. आधी भीती होती की मी जास्त भरेन. आता कळेना की कमी भरले तर सासूबाईंना तोंड कसं दाखवू. लाडूंचं खरं काय ते सांगून टाकावं असं मी चार वेळा फोन उचलून ठरवलं, आणि चारही वेळा पलीकडून त्यांनी विचारलं, जेवलीस का, आणि मी फक्त व्हय म्हटलं.

पौर्णिमेला आम्ही गावी गेलो. सासूबाईंनी चांदपाशाभाई आणि ताहेराभाभी यांनाही आवर्जून बोलावलं होतं, लाडू पोचवणारा माणूस म्हणून मानानं. चिंचेखाली ही गर्दी. वच्छलाबाई पुढच्या रांगेत, नवं लुगडं नेसून. नानासाहेब फेटा बांधून. एका पारड्यात गुळाच्या आठ ढेपा आणि वर चार किलोचे खडे रचलेले. पुंजारामांनी वही उघडून बोललेलं वजन वाचलं, चौऱ्यांशी. कर्ण्यावर नाही, नुसतं. मग मी बाळाला घेऊन दुसऱ्या पारड्यात बसले आणि चौघांनी टेकू काढला.

गुळाचं पारडं जमिनीला टेकलं आणि मी बाळासकट वर गेले. चिंचेच्या फांद्यांपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या काट्यावर अशी उचलली गेले होते. खाली वच्छलाबाईंचं तोंड उघडं पडलेलं मला वरून स्वच्छ दिसलं. पंधरा आठवड्यांत मी साडेपाच किलो उतरले होते, साडेएकाहत्तर, आणि लेक सात किलोला थोडी कमी. या क्षणासाठी मी चार महिने तडफडले होते. तो क्षण फार तर दोन श्वासांचा होता, कारण मग माझी नजर सासूबाईंकडं गेली.

त्यांनी गुळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि त्यांचा हात गळ्यातल्या पोतीकडं गेला. गर्दीत कुजबुज सुरू झाली. फकिरामामा म्हणाले, एखादा दगूड ठेवा, देवी काय बघायला येती का. पुंजारामांनी त्यांच्याकडं असं पाहिलं की मामा भजी आणायला निघून गेले. माझ्या अंगावरचे दागिने म्हणजे दोन तोळे. जोडवी धरून. साडेपाच किलोंची तूट त्यानं कशी भरणार?

तेवढ्यात गर्दीतून ताहेराभाभी पुढं आल्या. त्यांच्या हातात एकावर एक तीन स्टीलचे डबे. त्यांनी ते चिंचेच्या पारावर मांडले, पदर सावरला आणि मला वर बघून म्हणाल्या, "वैनी, ये तुमारी अमानत. तुमने ठेवा म्हणे तो रक्खे. एक बी नै छुए हम, गिनके देख लो. आज सब घरके लोगां हैं, तो बोली आजच दे दूँ."

मला पारड्यातून उडी मारता आली असती तर मी मारली असती. पण मी हवेत होते. तीन महिने त्या बाईंनी घरात दीडशे लाडू ठेवले होते आणि त्यांच्या घरातल्या एकानंही त्याला हात लावला नव्हता, कारण मी ठेवा म्हटलं होतं. खा म्हणायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

सासूबाईंनी पहिल्या डब्याचं झाकण काढलं. मग दुसऱ्याचं. मग तिसऱ्याचं. लाडू जसे भरले होते तसे. पाळणेवाल्यानंसुद्धा पाळणा थांबवला. त्यांनी झाकणं एकावर एक ठेवली आणि वर माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी एकच विचारलं, "दूध हाय ना लेकराला?"

"हाय," मी म्हटलं. "भरपूर हाय."

"मग ठीक हाय," त्या म्हणाल्या.

त्यांनी डबा उचलून पारड्यात ठेवायला हात वर केला. पुंजाराम म्हणाले, स्टील चालणार नाही. सासूबाईंनी एक क्षण विचार केला आणि मला पदर पसरायला सांगितलं. पारडं खाली ओढून चौघांनी धरलं. बाळाला मी डाव्या हातावर घेतलं, उजव्या हातानं पदर धरला, आणि सासूबाईंनी ओंजळी ओंजळीनं माझ्या ओटीत लाडू टाकायला सुरुवात केली. पहिला डबा झाला, दुसरा झाला. पोटात जायचे होते ते मांडीवर आले, यावर पुंजारामांनाही हरकत घेता येईना. तिसऱ्या डब्यातले निम्म्याहून जास्त गेले तेव्हा गुळाचं पारडं जमिनीवरून सुटलं, डुललं, आणि दोन्ही पारडी समोरासमोर उभी राहिली. काटा मधोमध.

पुंजारामांनी कर्णा हातात घेतला. नाव, गाव आणि चौऱ्यांशी. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा तर त्यांनी आवाज चढवला. मी वच्छलाबाईंकडं बघितलंच नाही, कारण लेक जागी झाली होती आणि तिला आत्ता, इथं, पारड्यातच दूध हवं होतं. मी खाली उतरवा म्हणून खूण केली. सासूबाई म्हणाल्या, आरती होईपर्यंत उतरायचं नाही. त्यांनी स्वतःच्या अंगावरचा शेला माझ्याभोवती गुंडाळला, लेक छातीशी लागली आणि घुटके घ्यायला लागली. मग त्यांनी माझ्या ओटीतला एक लाडू उचलला आणि सगळ्या गावासमोर माझ्या तोंडाशी धरला.

"आता तरी खा," त्या म्हणाल्या.

मी खाल्ला. ओटीतला लाडू माझ्या पोटात गेला, माझं दूध तिच्या पोटात जात होतं. पुंजाराम जन्मभराच्या सवयीनं काट्याकडं बघत होते. काटा हलला नाही.

तिसऱ्या डब्यात उरलेले लाडू मी ताहेराभाभींना परत दिले, आणि या वेळी खाण्यासाठी आहेत असं दोनदा सांगितलं. चांदपाशाभाईंनी तिथंच एक तोंडात टाकला आणि म्हणाले, की तीन महिने रोज वास घेऊन झोपतोय. मी आता रोज कचेरीत जाते, वजन अजून हळूहळूच उतरतंय आणि लेक भराभर चढतेय. गावात मात्र मला चौऱ्यांशीवाली म्हणतात. हाक आली की मी ओ देते.